हिवाळ्यात तळं गोठतं म्हणून घर हलवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर गोड्या पाण्याच्या मोठ्या तळ्याजवळ, बावीस फुटी मोटरबोट, आणि वर्षातले साडेचार-पाच महिने ती आवरणाखाली पडून. मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत, काम घरबसल्या करता येतं, आणि पाण्याचं वेड तुम्हा दोघांनाही आहे. मग जिथे पाणी गोठतच नाही अशा ठिकाणी जाऊन बारा महिने बोट चालवावी का, आणि जायचंच तर कसलं ठिकाण बघावं?

मी सुरुवातीची काही वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि आता बरीच वर्षं बोटींची तपासणी करतो. कोणी जुनी बोट घेत असेल किंवा विमा कंपनीला अहवाल हवा असेल, तर ती तळापासून वरपर्यंत बघून लिहून द्यायची, हे माझं काम. यात बोटींइतकंच बोटवाल्यांशी बोलणं होतं. हिवाळ्याला कंटाळून उबदार किनाऱ्यावर गेलेले, तिथून परत फिरलेले, आणि गेलो ते फार बरं झालं म्हणणारे, असे सगळे भेटलेत. त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही. बोट कसली, पाण्यावर जाऊन करायचं काय, प्रकृती कशी आणि घरापासून पाणी किती लांब, यावर बरंच काही ठरतं.

तपासणीला गेलो की मी सगळ्यात आधी इंजिनाचा तासांचा काटा बघतो आणि बोटीच्या वयाने भागतो. बोट वर्षाला किती तास चालली ते कळतं. गोठणाऱ्या तळ्यांवरच्या बोटी आणि बारमाही पाण्यावरच्या बोटी यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल, असं मला पूर्वी वाटायचं. तो सापडत नाही. हौशी माणसाची बोट दोन्हीकडे क्वचितच वर्षाला शंभर तासांच्या वर गेलेली दिसते. मोजकेच महिने मिळणार हे ठाऊक असलेला माणूस मे महिन्यापासून एकही शनिवार सोडत नाही. बारा महिने मिळणारा म्हणतो, आज वारा आहे, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणून थंडीचा विचार नंतर करा. आत्ता बोट किती दिवस बाहेर काढता आणि जाऊन किती दिवस काढाल, हा तुमचा मूळ प्रश्न आहे. गेल्या उन्हाळ्याचं कॅलेंडर समोर घेऊन खरे दिवस मोजा.

कडक हिवाळ्याने बोटवाले पळून जात असते, तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एकही बोट दिसली नसती. तिथली तळी डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत गोठलेली असतात. मिनेटोंका तळ्यावरचा बर्फ सरासरी एप्रिलच्या मध्याला निघतो. तरी सुमारे ५७ लाख लोकवस्तीच्या त्या राज्यात नोंदणी झालेल्या बोटी आठ लाखांच्या आसपास आहेत. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे यांचंही तसंच. दरडोई बोटींच्या बाबतीत हे देश जगात वरच्या रांगेत बसतात. पाणी घराच्या दाराशी आहे, आणि उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही. ६० अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये जवळपास एकोणीस तास उजेड असतो. कामावरून संध्याकाळी सहाला परत येऊन चार तास बोट चालवता येते. विषुववृत्ताजवळ ही चैन कुठल्याच महिन्यात नाही. आणि ज्यांना हिवाळ्यातही चैन पडत नाही, ते बर्फावर शिडाच्या घसरगाड्या चालवतात. त्यातला डीएन हा वर्ग १९३६-३७च्या हिवाळ्यात डेट्रॉइट न्यूज या वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत जन्मला, आणि त्याच्या शर्यती अजून होतात.

आता 'पाणी गोठत नाही असं ठिकाण' याविषयी. नकाशावर खाली सरकलं की गोठणं थांबतं, हा अंदाज फसवा आहे. गोडं पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं. तळं थंड होताना वरचं पाणी खाली बसत राहतं, पण सगळं तळं ४ अंशांवर आलं की त्याहून थंड पाणी हलकं होऊन वरच थांबतं आणि चटकन गोठतं. समुद्राचं खारं पाणी मात्र थेट गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे उणे १.८ अंशांच्या आसपासपर्यंत, जडच होत जातं. त्यामुळे खालचं ऊबदार पाणी वर येत राहतं आणि वरचा थर सहज गोठत नाही. त्यात प्रवाहाची भर. बाल्टिकच्या उत्तर टोकाला पाणी इतकं कमी खारं आहे की बोथनियाच्या आखाताचा उत्तर भाग दर हिवाळ्यात गोठतो. त्याच्याही बरंच उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या आत, नॉर्वेतलं ट्रॉम्सो बंदर उबदार प्रवाहामुळे बारा महिने खुलं असतं. उलट अटलांटिकपलीकडे सेंट लॉरेन्सचा जलमार्ग ट्रॉम्सोच्या कितीतरी दक्षिणेला असूनही डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत बंद ठेवावा लागतो. म्हणून अक्षांश बाजूला ठेवा. पाणी किती खारं, किती खोल आणि कुठून वाहत येतं, ते विचारा.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घर हलवणारे लोक इथेच नुकसान करून घेतात. बोटीला कडक थंडीपेक्षा अर्धवट थंडी जास्त घातक असते. जिथे हिवाळा ठरलेल्या वेळी येतो आणि ठाण मांडून बसतो, तिथे सगळे सावध असतात. ऑक्टोबर उजाडला की इंजिनातलं पाणी काढायचं, नळ्यांमध्ये प्रॉपिलिन ग्लायकॉल हे न गोठणारं गुलाबी द्रव भरायचं, इंधनात टिकाऊपणाचं रसायन घालायचं, बोट जमिनीवर घ्यायची. ते अंगवळणी पडलेलं असतं. आणि जिथे पारा तीन-चार वर्षांतून एकदाच शून्याखाली जातो, तिथे यातलं कोणीच काही करत नाही.

पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमध्ये वाटीभर पाणी उरलं असेल आणि त्याला पसरायला जागा नसेल, तर बीड फुटतं. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये डॅलसचा पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी ज्या तळ्यांवर जानेवारीतही मासेमारी चालते, तिथे बोटी पाण्यातच, इंजिनात पाणी तसंच. अशा लाटेनंतरच्या वसंतात मी ज्या बोटी बघतो, त्या बाहेरून नव्यासारख्या असतात. तेलाची पट्टी बाहेर काढली की कळतं. तेल काळसर चकचकीत असायच्या ऐवजी दुधाळ कॉफीच्या रंगाचं आणि घट्टसर. पाणी तेलात शिरलेलं. मग विजेरी लावून ब्लॉकच्या कडेने हात फिरवत जायचं. रंगाखाली केसाएवढी रेघ सापडते, नखाला जेमतेम लागते. एका मालकाच्या हाताचं बोट धरून मी ती रेघ त्यांना दाखवली होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सगळं इंजिन बदलावं लागलं. पाणी बाहेर सोडायची बुचं त्यांच्याच बोटीवर होती, उघडायला पंधरा मिनिटं लागली असती. पण तिकडे कोणी उघडतच नाही, म्हणून त्यांनीही उघडली नव्हती.

तेव्हा अशा 'सौम्य' प्रदेशात जाणार असाल, तर जुन्या गावची शिस्त तिकडे घेऊन जा. बॅटरीचंही तेच. पूर्ण चार्ज असलेली शिशाची बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे सात-आठच्या आसपास गोठून फुटते. आणि बोट पाण्यात ठेवून गावाला जाणाऱ्यांसाठी एक इशारा: ओल्या बर्फाचं वजन प्रचंड असतं. डेकवर तो साचला की बोट खाली दबते, पाणी बाहेर जायची मागची भोकं पाण्याखाली जातात आणि त्यांतूनच पाणी आत यायला लागतं. धक्क्याला बांधलेली बोट रातोरात तळाला गेलेली मी बघितली आहे. दोर चारही तसेच ताणलेले होते.

आता ज्या किनाऱ्यांवर गारठा आहे पण बर्फ नाही, त्यांच्याबद्दल. अमेरिकेच्या वायव्येला सिॲटलजवळची प्यूजेट साउंड ही खाडी, इंग्लंडच्या दक्षिणेची सोलंट ही सामुद्रधुनी, ही त्यांची उत्तम उदाहरणं. बारा महिने बोट पाण्यात राहते, सोलंटवर तर हिवाळ्यातही शर्यती होतात. मला स्वतःला असं पाणी फार आवडतं. जानेवारीतल्या कोरड्या, स्तब्ध सकाळी तिथे बोट काढली की मैलोनमैल आपल्याशिवाय कोणी नसतं. पण अशा सकाळी रोज मिळत नाहीत. सिॲटलला डिसेंबरात उजेड जेमतेम साडेआठ तास. पाऊस आणि ओल इतकी की केबिनमध्ये हीटर आणि हवा खेळती ठेवायची सोय नसेल, तर गाद्यांखाली बुरशी धरते. शिवाय थंड हवा जड असते. शून्य अंशांची हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास जड, म्हणजे तेवढ्याच वेगाचा वारा शिडावर आणि बोटीच्या कडेवर जास्त जोराने बसतो.

आणि पाणी! हवा बारा अंश असेल तर माणूस जाकीट घालून खुशाल निघतो, पण पाण्याचं तापमान विचारत नाही. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी लोकांपर्यंत पोचवलेला १-१०-१ हा नियम पाठ करा. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध जायला साधारण तासभर लागतो. या दहा मिनिटांमुळेच लाइफ जॅकेट अंगावर असलं पाहिजे. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. तुम्ही दोघंच फिरणार आहात. एक जण पाण्यात पडला तर दुसऱ्याला एकट्याने त्याला वर घेता येईल का, हे उन्हाळ्यात एकदा करून बघा. थंड पाण्याच्या गावी जावं की नाही, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

अशा ठिकाणी जायचं ठरलं, तर तुमची उघडी बोट तिथे दोन महिन्यांत नकोशी होईल. त्या किनाऱ्यांवर बंद काचेच्या चालककक्षाच्या बोटी एवढ्या का दिसतात, आणि फ्लोरिडात मधोमध सुकाणू असलेल्या सताड उघड्या बोटी का, याला कारण हवामान आहे. म्हणजे घर बदललं की बहुधा बोटही बदलावी लागते. हा खर्च लोक धरतच नाहीत.

उबदार किनाऱ्याकडे येऊ, कारण तुमचं मन तिकडेच ओढ घेतंय असं प्रश्नावरून वाटतं. दक्षिण फ्लोरिडाचा हिवाळा बोटीसाठी खरंच सुंदर आहे: कोरडी हवा, डिसेंबरातही साडेदहा तास उजेड, पोहण्याजोगं पाणी. तरी तिथेही हिवाळा येतो, फक्त वाऱ्याच्या रूपात. उत्तरेकडून थंड हवेची आघाडी आली की दोन-तीन दिवस उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. किनाऱ्यालगत गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो; वारा समोरून आणि प्रवाह मागून, अशा वेळी लाटा उंच, उभ्या आणि जवळजवळ येतात. बहामाला जाणारे अनुभवी लोक या वाऱ्यात बोट सोडत नाहीत, धक्क्यावर थांबून राहतात.

आणि तिथला खरा 'बंद हंगाम' उन्हाळ्यात असतो. अटलांटिकचा चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे सहा महिने. तुमच्या बर्फापेक्षा मोठा. या काळात बोट चालवता येते, पण डोळा कायम हवामानाच्या नकाशावर असतो. अनेक विमा पॉलिसींमध्ये या दिवसांत बोट कुठे असावी, कशी बांधावी, वादळाची सूचना आली की काय करायचं, याच्या लेखी अटी असतात. त्या मोडल्या तर भरपाईचा दावा अडकतो. सप्टेंबर २०२२मध्ये इयन वादळाने फोर्ट मायर्सच्या परिसरात बोटी रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात नेऊन टाकल्या. त्याआधी २००४मध्ये आयव्हन वादळ ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर आदळलं. ग्रेनाडा वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, सुरक्षित आहे, असं मानून कितीतरी शिडाच्या बोटी तिथे ठेवलेल्या होत्या. यार्डातल्या, म्हणजे बोटी जमिनीवर ठेवायच्या आवारातल्या, बोटी एकमेकींवर कोसळल्या. बर्फ येणार ते महिनाभर आधी कळतं आणि त्याची तयारी एकदाच करावी लागते. वादळाची तयारी एका मोसमात तीनदा करून तीनदा सोडवावी लागते, आणि तीही साठीच्या वयात, दमट उन्हात. इतर कटकटी थोडक्यात: खाऱ्या उबदार पाण्यात बोटीच्या तळाला शेवाळ आणि कालवं वर्षभर चिकटत राहतात, आणि कडक उन्हाने सीटा, रंग, दोर लवकर जातात.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर प्रत्येक पाण्याला एक बंद हंगाम असतो. तो बर्फाचा, अंधाराचा की वादळाचा असावा, एवढं तुम्ही निवडता.

दक्षिण गोलार्धातही हाच खेळ उलट्या महिन्यांत चालतो. न्यूझीलंडहून कितीतरी शिडाच्या बोटी मे महिन्याच्या सुमारास फिजी-टोंगाकडे निघतात आणि नोव्हेंबरच्या आसपास, तिकडची वादळं सुरू व्हायच्या वेळी, घरी परततात. बोटीवरच राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. भूमध्य समुद्रात ते हिवाळ्यापुरते क्रीट, सिसिली किंवा दक्षिण तुर्कस्तानच्या मरीनांत, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरांत, एकत्र मुक्काम करतात. पाणी गोठत नाही, पण मिस्त्राल आणि बोरासारखे वारे असे येतात की नांगरावर राहणं परवडत नाही. इंग्लंडच्या कालव्यांवरचे लोक कोळशा-लाकडाच्या शेगडीवर हिवाळा काढतात. तिथे नोव्हेंबर ते मार्च जलद्वारांच्या दुरुस्त्या काढलेल्या असतात, म्हणून वाटा बंद होण्याआधी मुक्कामाची जागा ठरवून ठेवावी लागते. तुम्ही घरात राहणारे आहात, त्यामुळे यात फार शिरत नाही.

आता तुमच्याविषयी माझं मत. बावीस फुटी बोट ट्रेलरवर जाते, हे तुमचं सगळ्यात मोठं भाग्य आहे. अमेरिकेत बहुतेक रस्त्यांवर साडेआठ फूट रुंदीपर्यंतच्या बोटीला वेगळा परवाना लागत नाही आणि तुमची त्यात सहज बसत असणार. चाळीस फुटी बोटवाल्याला घर हलवावं लागतं किंवा शरद ऋतूत नॉरफोकहून मायामीपर्यंतचा सुमारे अकराशे मैलांचा, किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग कापत दक्षिण गाठावी लागते. तुम्हाला गाडीला ट्रेलर जोडला की झालं. मी तुमच्या जागी असतो तर घर विकलं नसतं. दोन हिवाळे, जानेवारीच्या मध्यापासून सहा-सात आठवडे, एखाद्या उबदार किनाऱ्यावर भाड्याने राहिलो असतो. तुम्हाला हिवाळाच त्रास देतोय, तर हिवाळ्याच्याच तुकड्यापुरतं जा.

ते दोन हिवाळे झाल्यावरही कायमचं जावंसं वाटलं, तर त्या गावी त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन राहा. फ्लोरिडात सप्टेंबर, प्यूजेट साउंडला डिसेंबर. बोट न काढताही ते गाव आवडतं का ते बघा. यार्डातल्या जुन्या माणसाला विचारा, इथे बोटी बुडतात त्या कशाने. आणि घर बघताना खिडकीतून पाणी दिसतं का यापेक्षा बोट सोडायच्या उतारापर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजा. माझ्या पाहण्यात पंधरा मिनिटांच्या आतले लोक साध्या मंगळवारीही बोट काढतात, पाऊण तास लांब असलेले शनिवारचीही टाळतात.

शेवटची एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. आत्ताची बोट कधीही खाऱ्या पाण्यात उतरवलीत, अगदी त्या सहा आठवड्यांपुरतीही, तर आधी खाली वाकून ॲनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, बघा. गोड्या पाण्यासाठी बसवलेले मॅग्नेशियमचे ॲनोड खाऱ्या पाण्यात बघता बघता विरघळतात, आणि ते संपले की पाणी इंजिनाच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या भागाला खायला लागतं. निघण्यापूर्वी ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे बसवा, आणि रोज संध्याकाळी बोट बाहेर काढली की इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा.